बडीबीची झोप

शमीमआपांचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. कुणी आमच्या खिडकीशी थांबून विचारलं, ही एवढीशी काचेसारखी झाडं कुठून आणलीत, तर झाडाच्या नावाआधी माझ्या तोंडून आपांचंच नाव निघतं. जुन्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. या शहरात माझ्या हातून जे काही जगलं, ते त्यांनी जगवायला शिकवलं म्हणून.

आज सकाळी कूलरचं गवत बदलून देणारा गल्लीतून ओरडत गेला. त्याच्या हातगाडीवरच्या ताज्या गवताचा कोरडा, किंचित गोडूस वास वर खिडकीपर्यंत आला आणि मला कळलं, झाडांची झोपायची वेळ झाली. पुंडलिकनगरातल्या गच्च्यांवर हिरव्या जाळ्या चढू लागल्यात. दुपारी रस्ता पांढराफेक पडतो, कुत्रीसुद्धा उभ्या रिक्षांच्या खाली जाऊन पडतात. मी झाडांचा ट्रे खिडकीपासून हातभर आत ओढला, आणि पाण्याची पिचकारी उचलून माळ्यावर टाकली. समोर दिसली की हात जातो. माझा हात मला ठाऊक आहे.

हॉवर्थिया म्हणतात या झाडांना. तळहातावर मावतील एवढीच असतात. खोड नाही, फांदी नाही, नुसती मांसल पानं, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी गोल लागलेली. काहींच्या पानांवर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा, काहींची टोकं पाण्याच्या थेंबासारखी फुगीर. पण मला वेड लावलं ते पानांच्या शेंड्यांनी. तिथं साल अगदी पारदर्शक असते. जाणकार त्याला खिडकी म्हणतात. ही झाडं दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली. तिथं कडक उन्हाळ्यात त्यांची मुळं आखडतात आणि झाडालाच जमिनीत खाली ओढून घेतात. वर उरतात फक्त खिडक्या. अंग सगळं मातीत आणि उजेड त्या खिडकीतून आत उतरतो. पहिल्यांदा आपांनी हे सांगितलं तेव्हा मला खोटंच वाटलं. मग वाटलं, आपण या गावात आलो तेव्हा असंच तर राहत होतो.

मी राजापूरकडची. आमच्याकडं झाड लावावं लागत नाही, उपटावं लागतं. भिंतीवर उगवतं, कौलावर उगवतं, विहिरीच्या आतल्या दगडावर उगवतं. नववीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याला इकडं कंपनीत काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले. इथली हवा अशी, की दांडीवर टाकलेलं लुगडं बघता बघता कडक होतं. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. आलं की सगळी गल्ली घागरी, बादल्या, निळे ड्रम घेऊन धावते. पहिलं वर्षभर मी घराबाहेर पडताना दोनदोनदा परत येऊन गॅस बघायची, कुलूप ओढून बघायची. फोन वाजला की आधी छातीत धस्स, मग नाव वाचायचं. कुणी शाळा किती शिकलीस विचारेल म्हणून बायकांच्यात बसायची नाही. साड्यांना फॉल-पिको करायचं काम घरी घेतलं, ते बरं होतं. साडी काही विचारत नाही.

आपांची गाठ पडली ती वडलांच्या घड्याळामुळं. किल्लीचं घड्याळ, त्यांच्या मागं माझ्याकडं आलेलं, ते एक दिवस बंद पडलं. मी इतकी घाबरले, जणू काही कुणाची नाडीच थांबली. विचारत विचारत त्या दुकानात पोचले. आत काळ्या दुपट्ट्यातली एक बाई डोळ्याला भिंग अडकवून बसलेली. नवरा गेल्यावर त्याचं दुकान तीच चालवत होती. आणि दुकानाच्या पुढच्या काचेत, जिथं लोक नवी घड्याळं मांडतात, तिथं चहाच्या कपाएवढ्या कुंड्या मांडलेल्या. माझं घड्याळ उघडून त्यांनी आत बघितलं आणि म्हणाल्या, धूळ आहे, जीव आहे. मग माझा चेहरा त्यांना दिसला असेल. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि एक कुंडी पुढं सरकवली.

“घड्याळ होईपर्यंत हिच्यात बघ. आराम पडेल.”

भिंगातून मी बघितलं. पानाच्या आत हिरवा उजेड साठलेला. त्यात बारीक नसा, तळ्यात पडलेल्या सावल्यांसारख्या. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते, शेजारी भांडीवाला पितळी ठोकत होता, आणि मी त्या पानाच्या आत कुठंतरी जाऊन बसले होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. दुकानात इतकी घड्याळं होती, पण प्रत्येकात वेगळी वेळ.

त्यानंतर फॉलचे दोरे आणायच्या निमित्तानं मी दर आठवड्याला बाजारात जाऊ लागले. आपांनी मला पिठाच्या चाळणीनं मुरूम चाळायला शिकवलं. खडे वेगळे, भुकटी वेगळी. भुकटी टाकून द्यायची, कारण ती पाणी धरून बसते. बुडाशी फुटलेलं पिलू आईझाडापासून कसं सोडवायचं, जखम सुकेपर्यंत कागदावर कसं ठेवायचं, दालचिनीची पूड कुठं लावायची. पिलांना लागून आलेल्या नावाच्या चिठ्ठ्या इंग्रजीत असत, आणि माझी जीभ अडखळे. आपा म्हणाल्या, “झाडालाच आपलं नाव येत नाही. तुला आलं तर बरं, नाही आलं तर ते कुठं रुसणार आहे?” मग मी कुल्फीच्या काड्यांवर देवनागरीत नावं लिहायला लागले. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच मी काहीतरी रोज लिहीत होते.

माझी खोड एकच, सतत उकरून बघायची. मुळं धरली का, कुजली तर नाहीत, जगेल ना. एकदा आपांनी माझं बोट धरून बाजूला केलं. “किल्लीचं घड्याळ नीट चालतंय का हे बघायला तू दर घटकेला ते उघडशील, तर ते चालेल कधी?” हे त्या हसत म्हणाल्या, पण मी ते विसरले नाही. विसरायचा प्रयत्न पुष्कळ केला.

आपांच्या सगळ्या झाडांत थोरली होती ती ट्रंकाटा जातीची. तिची पानं दोन रांगांत, पंख्यासारखी उभी, आणि वरून कुणी सुरीनं सपाट कापावीत अशी. कापल्या जागी धुरकट काच. त्यांच्या नवऱ्यानं कधीतरी लावलेली. तिची पिलं गावोगावच्या शौकिनांकडं गेली होती, पण मूळ झुबका आपांजवळ. तिला त्या बडीबी म्हणत. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की आधी बडीबीला सलाम, मग गिऱ्हाइकाला.

त्या वर्षी, ज्याची ही गोष्ट, आपांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. ऑपरेशनसाठी त्या नांदेडला मुलीकडं निघाल्या. दुकान बंद करायचं ठरलं. आणि उन्हाळाभरासाठी सगळी झाडं त्यांनी माझ्याकडं दिली. मी म्हटलं, आपा, मला नको, माझ्या हातून काही झालं तर? त्या म्हणाल्या, तुझ्या हातून काही होत नाही बेटा, तू फार भितेस. मग बडीबीची कुंडी माझ्या हातात ठेवून त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

“वैशाखात पाणी नको. ये सो गई है. सुरकुतेल, तांबडी पडेल, मेल्यासारखी दिसेल. दिसू दे. झोपलेल्याच्या तोंडात कुणी पाणी ओततं का?”

घरी आईला फोनवर हे सांगितलं तर ती तिकडून म्हणाली, “पाणी घालूचा नाय, तर लावलंस कित्याक?” तिला काय सांगणार? आमच्याकडं पाणी न घालणं म्हणजे वैरच.

आमच्या घरमालकीण कांताकाकू खाली राहतात. माझ्यावर त्यांचा जीव, पण तोंडानं कधी कबूल करायच्या नाहीत. मला त्या कोकणी म्हणूनच हाक मारतात. ट्रे वर चढवताना बघून म्हणाल्या, “काय गं कोकणी, एवढ्या कुंड्या अन् एकीत बी कडीपत्ता नाय?” मी त्यांना सगळं समजावलं. झोपेचं, पाण्याचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, लहान मुलाच्या थापेला हलवावी तशी.

ऐन वैशाखात भावाचं लग्न निघालं. जाणं भाग होतं. किल्ली काकूंकडं दिली. सांजेला फक्त खिडकी उघडा, वारा येऊ द्या. पाणी घालू नका, हे दारातून, जिन्यातून आणि रिक्षात बसल्यावरही सांगितलं. तिकडं मांडवात सगळ्या बायका हळदीची गाणी म्हणत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढं ट्रे.

परत आले ती सकाळी. बॅग खाली ठेवायच्या आधीच कानावर आलं, टप. थोडं थांबून परत, टप. मला वाटलं नळ गळतोय. मग आठवलं, वरच्या खोलीत नळच नाही. आत गेले. खिडकीच्या गजाला शिंक्यात एक मातीचं मडकं टांगलेलं, त्याच्या बुडाला भोक, भोकात वात, आणि वातीच्या टोकावरून थेंब थेंब पाणी बरोबर बडीबीच्या डोक्यावर. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळंती बांधतात, अगदी तशी. खाली परात, सांडलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून. बडीबी मधोमध, गोल कुंडीत, पिंडीसारखीच दिसत होती खरी. बाकीची झाडं थेंबाच्या वाटेत नव्हती, ती कोरडी होती.

बोट लावलं तर पान हातात आलं. शिजलेल्या भोपळ्यासारखं. दुसरंही आलं. वास सुटला होता.

मागं काकू येऊन उभ्या होत्या. पदरानं मान पुसत. चेहऱ्यावर असा आनंद, की कुणाचं लेकरू बुडता बुडता वाचवलंय.

“तू म्हणली व्हतीस गं, पण डोळ्याला बघवंना. सुकून पार खारीक झाली व्हती. आपला नळ कवा येतोय कवा नाय, पर म्हणलं, वैशाखाचा महिना हाय, मुक्या जीवाला घोटभर द्यावं. आपल्याच ड्रमातलं हाय, घरचं.”

त्यांच्या ड्रमातलं. मला माहीत होतं त्या ड्रमाचं. त्या त्यातल्या एका तांब्यात भाजी धुतात, त्याच पाण्यात भांडी विसळतात, उरलेलं तुळशीला जातं. त्या महिन्यात त्यांनी स्वतःचे केस धुवायचे लांबवले होते. आणि रोज जिना चढून, गुडघ्यावर हात ठेवत, ते मडकं भरत होत्या. मला ओरडायचं होतं. मी म्हटलं, बरं केलंत काकू, बसा, चहा टाकते. आलं घातलं, साखर जास्त घातली. त्या चहा पिऊन समाधानानं खाली गेल्या. मग मी परातीशेजारी बसून रडले.

आपांना फोन करायचा होता. नंबर काढायची आणि परत ठेवायची. सगळी दुपार त्यात गेली. मुलीनं उचलला, म्हणाली, अम्मीच्या डोळ्याला पट्टी आहे, देते. मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडं कुठंतरी पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, आता संपलं. आपांचं बोलणं, दुकानाच्या काचेतली ती दुपार, सगळं.

मग आपांनी विचारलं, “कांतानं स्वतःच्या ड्रमातलं घातलं?”

“हो.”

“हाय अल्ला.” आणि पाठोपाठ, “तिला बोलू नको. समजी? तिनं बिचारीनं सवाबाचं काम केलं. तिचं पुण्य तिच्याकडं राहू दे. झाडाचं आपण दोघी बघू.”

हे त्यांनी म्हटलं तेव्हा त्यांच्या एका डोळ्याला पट्टी होती, दुसऱ्याचा भरवसा नव्हता, आणि नवऱ्याच्या हातची एकच जिवंत वस्तू माझ्याकडं सडून पडली होती. मी आयुष्यात मोठी माणसं फार बघितली नाहीत. एक बघितली.

पुढं त्यांनी मला फोनवरून हात धरून चालवलं. कुंडी उलटी कर. माती झटक. पानं गेली तर जाऊ दे, डोळे मीट आणि बोटांनी बघ. मी खरंच डोळे मिटले. तिकडं त्या पट्टीआड, इकडं मी पापण्यांआड, आणि मधे ती मुळं. ट्रंकाटाची मुळं जाड असतात, बारक्या गाजराच्या शेपटीसारखी. बरीचशी बोटात विरघळली. काही मात्र खोल, कुंडीच्या कडेला गेलेली, ती कडक लागली. तीच, आपा म्हणाल्या, तीच. वरचा मऊ भाग कापून टाक, पूड लाव, कागदात सुकव. मग नव्या मुरुमात उभी लाव, माथा फक्त दिसला पाहिजे. आणि विसरून जा.

“विसरू कशी, आपा?”

“मग आठवत बस. पण उकरू नको.”

बाकीचा उन्हाळा खिडकीत एक कुंडी होती, जिच्यात काहीच नव्हतं. नुसते खडे, आणि खड्यांत मुळांचे तपकिरी माथे, मोडलेल्या काड्यांसारखे. मडकं मी गोड बोलून खाली पोचवलं. म्हटलं, काकू, आता तिचं पोट भरलंय. काकू वर येत आणि विचारत, मोठी कुठं गेली गं? मी म्हणे, आत झोपली. त्या कुंडीत डोकावत, माझ्याकडं बघत, आणि विषय बदलत. शौकिनांच्या व्हॉट्सअॅप गटावर आपांनीच मला घेतलं होतं. तिथं डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले साहेब. मी कधी एक अक्षर टाकलं नव्हतं, चूक होईल म्हणून. त्या कुंडीचा फोटो मात्र टाकला आणि खाली लिहिलं, मुळांतून येईल का? उत्तरं आली, येईल ताई, थांबा. थांबा हा शब्द तर सगळ्यांनीच लिहिला होता. माझं शुद्धलेखन कुणी बघितलं नाही.

थांबणं मला कधी जमलं नव्हतं. त्या कुंडीनं ते करून घेतलं. हात शिवशिवला की मी फॉलची साडी ओढून घ्यायची आणि टाके घालायची. पाऊस येऊन गेला, गणपती बसले, उठले. हवा उतरली. दिवाळीच्या आधी कधीतरी, खिडकीतली जळमटं झटकताना, एका मुळाच्या माथ्याशी हिरवं काहीतरी दिसलं. मुगाच्या दाण्याएवढं. शेवाळ असेल म्हणून मी आधी स्वतःला दटावलं. मग आपांनी जाताना दिलेलं भिंग डोळ्याला लावलं.

दाण्याचा शेंडा सपाट होता. आणि त्यात खिडकी होती. इवलीशी, धुरकट, तिच्यातून उजेड आत जात होता.

मी ओरडले असेन, कारण काकू धापा टाकत वर आल्या. त्यांना भिंगातून दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “बघ. माझ्या पाण्यानं लेकरू झालं का नाय?” मी आपांना फोन लावून हे जसंच्या तसं सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की मुलगी धावत आली काय झालं म्हणून. “हौ, हौ, बरोबर आहे तिचं,” आपा म्हणत होत्या, “महादेवानं ऐकलं ना.”

त्याला आता काही उन्हाळे झाले. बडीबीच्या मुळांतून एकूण तीन लेकी निघाल्या. दोन हळू, एक फारच हळू. आपांचा एक डोळा परत आलाच नाही, दुसऱ्यानं उजेड-अंधार कळतो. दुकान आता दुसऱ्याचं आहे, काचेत मोबाईलची कव्हरं लटकतात. त्या नांदेडलाच आहेत. फोनवर मी रोज एका झाडाचं वर्णन करते, रंगासकट, आणि त्या मधेच टोकतात, तांबूस म्हणजे विटेसारखी की जांभळासारखी? मला आधी असे रंग वेगळे दिसायचेच नाहीत. त्यांना सांगायचे म्हणून दिसायला लागले.

गेल्या वर्षी वैशाखात काकूंनी ते मडकं पुन्हा काढलं. मी जिन्याकडं धावले. पण त्यांनी ते खालच्या अंगणात, लिंबाच्या फांदीला बांधलं, आणि खाली थाळी ठेवली चिमण्यांना. मी जिन्यात उभी होते. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, “त्या वर्षी माझ्याच पाण्यानं गेली व्हती ना गं ती?”

मी खाली उतरून फांदी वाकवून धरली.

“मला तवाच कळलं व्हतं. एवढा गोड चहा तू कवा करतीस?” आणि गाठ घट्ट ओढत, “सांगितलं नाहीस. बरं केलंस. तवा सोसलं नसतं.”

मी त्यांना सांगितलं, की सांगायचं नाही हे माझं शहाणपण नव्हतं. ते आपांचं. काकू आपांना कधी भेटल्या नव्हत्या. त्यांनी थाळी थेंबाखाली सरकवली. मग म्हणाल्या, नांदेडला जाशील तवा माझ्याकडनं काहीतरी नेशील.

तर आज ट्रे आत ओढला आहे. झाडं सुरकुतायला लागलीत. थोरली लेक तांबूस झालीय. आपा, विटेसारखी, जांभळासारखी नाही. जुनी भीती मेलेली नाही. अजून दिवसातून कितीदा तरी मी त्या खिडकीशी जाते. पण हात पाठीमागं बांधून.

आपा, तुमची परतफेड माझ्याकडून राहिली आहे. तुम्ही म्हणाल, कसली? पण मी ठरवलंय. या लेकीची पानं अजून बोटाच्या पेराएवढी आहेत, दोन रांगा नीट उभ्या व्हायला आणखी काही हिवाळे लागतील. त्या झाल्या की एक दिवस मी तिला मांडीवर घेऊन नांदेडच्या गाडीत बसेन. सोबत काकूंच्या ड्रमातल्या पाण्याची बाटली असेल, तेवढं त्यांनी बजावलंच आहे. तुमच्या खिडकीशी बसून एकेका पानाच्या सपाट टोकावर तुमचं बोट ठेवीन आणि आत काय दिसतं ते सांगेन, तुम्ही मला पहिल्या दिवशी दाखवलंत तसं, घाई न करता. ती फार सावकाश वाढते, आपा. तोवर तुम्हीही सावकाश घ्या. मी उकरणार नाही.